शेंदराखालचा सहावा बोल्ट

तुळशीराम घाटोळे बोल्टाशी बोलतो, असं जबलपूरच्या रांझीत कोणी सांगितलं तर ऐकणारा हसत नसे. तो एवढंच विचारी, "कोणत्या भाषेत?" कारण तुळशीराम बायकोशी वऱ्हाडी बोलायचा, फोरमनशी हिंदी बोलायचा आणि देवाशी जवळपास बोलतच नसे. बोल्टाशी मात्र तो शिव्यांत बोले, आणि त्याही इतक्या हळू की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, रुसून बसलेल्या सासऱ्याची समजूत घालून राहिला आहे.

पाना घसरून डोकं गोल झालेला बोल्ट, आटे खाल्लेला बोल्ट, गंजून लोखंडात मिसळून गेलेला बोल्ट, सगळे शेवटी त्याच्याकडे यायचे. राइट टाउनातल्या एका वकिलाच्या स्कूटरचं चाक दोन मेकॅनिकांनी आणि एका मेहुण्यानं मिळून जाम करून ठेवलं होतं, ते त्यानं चहा थंड व्हायच्या आत सोडवलं. बड्या फुहाऱ्यावरच्या कापडवाल्याचं शटर ऐन लग्नसराईत अडकलं, तेव्हा त्याच्यासाठी रिक्षा पाठवली गेली होती. शटर उघडल्यावर शेठजींनी त्याला धोतरजोडी दिली. ती त्यानं कधी नेसली नाही, पण रिक्षा पाठवली होती हे मात्र वीस वेळा सांगितलं.

बाप आर्वीकडून रेल्वेची खडी फोडायला जबलपुरात आला आणि खडी फोडता फोडताच गेला. पोरगा बेचाळीस साली, अठराव्या वर्षी, लष्करी सामानाच्या फॅक्टरीत चिकटला. लढाई चालू होती, हात हवे होते, कोणाचे आहेत ते कोणी विचारत नव्हतं. "तवा इंग्रजासाठी बोल्ट कसले," तो म्हणायचा, "मंग बासष्टात आणि पासष्टात आपल्यासाठी कसले. बोल्टाले काही फरक कळला नाही."

एवढ्या नावाच्या माणसाला एखादी खोड असणारच. तुळशीरामची खोड त्याच्या जिभेत होती. आपल्या हातून आजवर एकाही बोल्टाचं डोकं गोल झालं नाही, हे तो रोज एकदा तरी सांगायचा, आणि ज्याच्या हातून झालं त्याला जगू द्यायचा नाही.

गणपत निखाडेचंच घ्या. भंडाऱ्याकडचा हा सरळ, सावकाश माणूस पंचावन्न साली फिटर म्हणून आला आणि पहिल्याच आठवड्यात एका पंपाच्या बोल्टाचं डोकं त्यानं गोल केलं. तुळशीरामनं तो बोल्ट सुतळीत ओवला आणि गणपतच्या डब्याच्या खुंटीवर टांगून ठेवला. त्या दिवसापासून गणपतचं नाव गोल्या. सोळा वर्षं झाली. गणपतच्या डोक्याला टक्कल पडलं, पोरीचं लग्न झालं, तिच्या सासऱ्यासमोरसुद्धा तुळशीराम मांडवात म्हणाला होता, "या गोल्याशेठ, बसा. जिलबी गोलच आहे." गणपत उलट बोलायचा नाहीच. त्यानं जिलबी खाल्ली.

आता खरी गोष्ट.

शॉपच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एक विलायती प्रेस होती, हत्तीएवढी, गाडीच्या चासीच्या पट्ट्या वाकवणारी. तिच्या माथ्यावर बिडाचं एक जाड झाकण, त्याला सहा बोल्ट. हे झाकण अठ्ठेचाळीस सालच्या नवरात्रात तुळशीरामनं एकट्यानं बसवलं. त्या दिवशी त्याला घाई होती. दुसऱ्या दिवशी आर्वीला मुलगी पाहायची होती, आणि तिलवाऱ्यावरून नागपूरकडे जाणारी मोटार चार वाजता सुटायची. पाच बोल्ट कसून झाले. सहाव्याच्या वेळी नेमका मापाचा पाना दुसऱ्या कोणी नेलेला. शॉपमध्ये लढाई संपल्यावर विकत घेतलेले अमेरिकन पाने पडून होते. त्यातला एक विलायती बोल्टावर बसल्यासारखा वाटायचा. बसायचा नाही, वाटायचा. हे पहिल्या महिन्यातल्या नव्या माणसालाही ठाऊक असतं. तुळशीरामलाही ठाऊक होतं. त्यानं तोच लावला, अंगाचा भार दिला, बोल्ट घट्ट बसला, आणि शेवटच्या पाव फेऱ्याला पाना कर्रकन फिरून मोकळा झाला. सहाही कोपरे गेले.

घड्याळात सव्वातीन.

त्या काळी शॉपमधले चार-पाच मराठी लोक खंडेनवमीला हत्यारं मांडून पूजा करायचे. तयारी आदल्या दिवसापासून असायची, त्यामुळे तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी कोपऱ्यात होतीच. तुळशीरामनं बोटं बुडवली आणि बोल्टाचं डोकं असं थापलं की खाली षट्कोन आहे की गोल, ब्रह्मदेवालाही कळू नये. वर एक झेंडूचं फूल दाबलं. कोणी विचारलं तेव्हा म्हणाला, "एवढं मोठं धूड चालू करून राहिलो, एक देव नको का वरती?" आणि मोटार गाठली.

मुलगी पसंत पडली. तीच राधाबाई.

परत येऊन पाहतो तर दोघा जणांनी त्या शेंदरापुढे उदबत्ती लावलेली. पुढच्या वर्षी खंडेनवमीला लोकांनी आणखी शेंदूर चढवला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. हिंदी लोकही हात जोडू लागले. कोणी तरी नाव दिलं बोल्टोबा. वाराणसीकडच्या एका क्रेनवाल्याला नवसानं मुलगा झाला म्हणे, तेव्हापासून तर शिफ्ट सुरू होताना जो तो वर पाहून कपाळाला हात लावी. तेवीस वर्षांत शेंदराचा गोळा नारळाएवढा झाला. आणि दर वर्षी पूजेच्या वेळी तुळशीराम प्रेसवर थाप मारून सांगायचा, "अठ्ठेचाळीस साली म्या एकट्यानं कसलं हे झाकण. माझ्याशिवाय कोणी हात नाही लावला. आजवर थेंब गळला का?"

थेंब एकाहत्तर साली गळला.

पूर्वेकडे काहीतरी शिजत होतं, हे पेपरात यायच्या आधी फॅक्टरीला कळलं होतं. ओव्हरटाइम लागला, सुट्ट्या बंद झाल्या. अष्टमीच्या सकाळी प्रेसच्या झाकणाखालून तेल ओघळायला लागलं आणि दुपारपर्यंत खाली थारोळं झालं. फोरमन पटैरियाजी धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण त्या महिन्यात त्याच्या वरचे चार साहेब रोज त्याचं डोकं खात होते.

"खोलो," ते म्हणाले.

तेल उपसलं, पाच बोल्ट खोलले. सहाव्यापाशी सगळे हात बांधून उभे राहिले. क्रेनवाला तर खाली उतरून चप्पल काढून उभा राहिला.

"काय बड्डे, रुक काहे गए?" पटैरियाजींनी विचारलं. जबलपुरात कोणालाही बड्डे म्हणतात, आपल्याकडे भाऊ म्हणतात तसं.

"साहब, ये तो बोल्टोबा हैं," एक जण म्हणाला.

पटैरियाजींनी वर पाहिलं. स्वतः त्यांनीही मागच्या वर्षी प्रमोशनच्या वेळी तिथं नारळ फोडला होता, त्यामुळे त्यांना एकदम ओरडता येईना. "कल दोपहर में तुम लोगों की पूजा है. उसके बाद दशहरे तक कोई औजार छुएगा नहीं, हमें मालूम है. तो कल पूजा से पहले ये खुल जाए. नहीं खुला तो गैसवाला बुलाके कटवा देंगे."

तुळशीरामनं मनातल्या मनात हिशेब केला. बिडाच्या झाकणावर गॅसची ज्वाला धरली तर ते तडकणार, आणि तसलं झाकण आता विलायतेतही मिळत नाही. प्रेस गेली म्हणजे गेलीच.

"घाटोळे खोलेगा," पटैरियाजी म्हणाले. "और कौन खोलेगा? निखाडे, तुम साथ में रहो. दो हाथ लगेंगे."

गणपतनं मान हलवली.

त्या संध्याकाळी तुळशीराम ताटापुढे बसला होता. राधाबाईनं उपासाची साबुदाण्याची उसळ वाढली होती.

"अवो, खाऊन राहिले का मोजून राहिले?"

"उद्या गणपत्या पाहीन ना."

"काय पाहीन?"

"डोकं."

"कोणाचं?"

"बोल्टाचं. माझं त्यानं सोळा वर्षांपासून पाहिलंच आहे."

राधाबाईला सगळं माहीत होतं. लग्नाच्या चौथ्या दिवशी त्यानं तिला सांगितलं होतं. त्या दिवसांत माणूस काहीही सांगतो.

"शेंदूर काढला की उघडं पडते," तो म्हणाला. "आणि दर वर्षी म्याच बोंबलून सांगितलं ना, की झाकणाले माझ्याशिवाय कोणी हात नाही लावला. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही ठेवली."

"मंग सांगून टाका."

"लोक हसतीन."

"तुम्ही सोळा वर्षं त्या गणपतभाऊले हसले. तो मेला का?" तिनं वाटीत दही घातलं. "आणि मले पाहायच्या घाईत बिघडला म्हणता, तर तसंच सांगा. माझंही नाव होईन फॅक्टरीत."

"तुले गंमत वाटून राहिली."

"हाव," राधाबाई म्हणाली. "तेवीस वर्षांत पहिल्यांदा."

नवमीला तुळशीराम पहिल्या भोंग्याआधीच गेटवर हजर होता. झोळीत त्याची स्वतःची छिन्नी होती, तिच्यासाठी गेटवर जुनी परवानगी होती. पण खिशात एक कानसही होती, आणि ती त्यानं दरबानाला दाखवली नाही. बाहेर पडताना खिसे उलटे करणारा दरबान आत येणाऱ्याला फारसं बघत नसे. लोखंड आत नेणारा माणूस त्याच्या हिशेबात वेडा होता.

बेत सोपा होता. गणपत यायच्या आत शेंदूर काढायचा, कानशीनं डोकं सगळीकडून घासून गुळगुळीत करायचं आणि म्हणायचं, पकड बसावी म्हणून म्या घासलं. मग पान्याची खूण कोणाला दिसणार नाही.

तो प्रेसवर चढला. पहिल्यांदा हात जोडले, मग स्वतःलाच हसू आलं, मग परत जोडले. शेंदराचा गोळा त्यानं छिन्नीनं थरथरानं उतरवला. वरचे थर मऊ होते, आतले दगडासारखे. सर्वांत खाली एक काळं, वाळलेलं फूल चिकटलेलं होतं. आणि त्याखाली डोकं.

त्यानं रॉकेलचं फडकं फिरवलं आणि खाली वाकून पाहिलं. तेवीस वर्षांत ते त्याच्या मनात पार गुळगुळीत झालं होतं. प्रत्यक्षात तसं नव्हतं. पाना कसण्याच्या बाजूनं फिरला होता, तेव्हा प्रत्येक कोपऱ्याची कसण्याकडची बाजूच तेवढी सोलली गेली होती. खोलण्याकडची बाजू अजून उभी होती, थोडी, नखाएवढी. कोणताही फिटर एका नजरेत सांगेल की हा बोल्ट खोलताना नाही, कसताना बिघडवलाय.

आणि छिन्नीला दात लावायला जागाही तीच होती. तेवढीच.

तुळशीरामनं कानस काढली. दोन हात मारले. चंदेरी रेघ उमटली. तिसऱ्यासाठी हात उचलला आणि तो तसाच राहिला. घासून टाकलं तर त्याची लबाडी झाकली जाईल, पण छिन्नीची पकडही जाईल. मग गोल गुळगुळीत लोखंड. मग गॅसवाला. मग झाकण तडकणार, आणि हे सगळे लोक महिनाभर त्या मेलेल्या प्रेसपाशी उभे राहून एकमेकांना विचारणार, बोल्टोबा कोपला कशानं.

त्यानं बोल्टाला एक शिवी दिली, आईवरून. मग स्वतःला तीच दिली. कानस खिशात टाकली आणि वरूनच हाक मारली, "गणपत आला का गा?"

गणपत खालीच उभा होता, डबा हातात घेऊन. केव्हाचा, कोणास ठाऊक. तो सावकाश वर चढला, चष्मा पुसला, वाकला. बराच वेळ वाकून राहिला. अंगठा एकेका कोपऱ्यावरून फिरवला.

"कसताना गेलाय," तो म्हणाला.

"हाव."

"पाना अमेरिकन."

"हाव ना बाप्पा. बत्ती पेटव."

गणपतनं लोखंड शेकायची बत्ती पेटवली. तिच्या फरफराटात दोघं पुढचे तीन-चार तास खपत राहिले. गणपत झाकणाची बाजू हळूहळू गरम करत होता, ज्वाला एका जागी न ठेवता, म्हातारीची पाठ शेकावी तशी. तुळशीराम आट्यांच्या फटीत तेल सोडत होता, आणि मधूनमधून बोल्टाच्या माथ्यावर हातोडीचा सरळ ठोका देत होता. फिरवायचा नाही, फक्त जागा करायची. प्रत्येक ठोक्यानंतर तो कान लावायचा. आवाज ठस्स. परत तेल. परत ठोका. ठस्स.

खाली लोक जमायला लागले होते. हत्यारं धुऊन, पुसून चटईवर मांडली जात होती. साडेअकराला पटैरियाजी आले, त्यांच्या मागे गॅसच्या टाकीचा गाडा.

"पाच मिनिट, साहब," तुळशीराम वरून म्हणाला. त्याच्या कपाळावरून शेंदराचे लाल ओघळ येत होते, आणि खालून पाहणाऱ्याला तो स्वतःच एखादा ओबडधोबड देव वाटत होता.

पुढच्या ठोक्याला आवाज बदलला. टण्ण.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तुळशीरामनं छिन्नी त्या नखाएवढ्या कडेला तिरपी टेकवली, खोलण्याच्या दिशेनं. "धर," तो म्हणाला. गणपतनं छिन्नी धरली, दोन्ही हातांनी. तुळशीरामनं ठोका दिला. छिन्नीचा दात रुतला. दुसरा ठोका. तिसऱ्याला बोल्टानं एक लांब, दमेकऱ्यासारखा आवाज काढला आणि केसभर फिरला.

खाली क्रेनवाल्यानं डोळे मिटले.

उरलेले फेरे हातानं निघाले. बोल्ट बाहेर आला, अंगठ्याएवढा जाड, आटे सगळे शाबूत. गणपतनं तो फडक्यात घेतला आणि खाली उतरला. लोकांनी वाट करून दिली. पटैरियाजींनी बोल्ट हातात घेऊन फिरवला.

"खोलने में गोल हो गया? नया बनवाना पड़ेगा."

गणपतनं तोंड उघडलं. सोळा वर्षं गप्प बसलेल्या माणसाला शब्द सापडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तुळशीराम प्रेसच्या पायरीवरून बोलला.

"खोलने में नहीं साहब. कसने में. सन अड़तालीस में, हमने ही किया था. गलत पाना लगाया. तिलवारा की मोटर पकड़नी थी, लड़की देखने जाना था. और गोल हुआ तो शेंदूर पोत दिया."

वर बत्ती फुसकारून विझली.

"मतलब ये," क्रेनवाला हळूच म्हणाला, "हमारा लड़का..."

"तेरा लड़का तेरा है बड्डे," तुळशीराम म्हणाला. "उसमें मेरा कोई हाथ नहीं."

पहिला हसला तो पटैरियाजींच्या मागचा गॅसवाला. मग धरण फुटलं. लोक चटईवर बसून हसले, एकमेकांच्या पाठीवर मारून हसले. म्हाताऱ्या मोल्डरला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. पटैरियाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "लड़की पसंद आई थी?" आणि उत्तराची वाट न पाहता नव्या बोल्टाचं माप लिहून घेऊन निघून गेले. त्यांना अजून चार साहेबांना तोंड द्यायचं होतं.

गणपतही हसला नाही. पूजेच्या वेळी त्यानं तो बोल्ट चटईवर हत्यारांच्या मधोमध उभा ठेवला, डोकं वर. एकानं शेंदराची वाटी पुढे केली. गणपतनं करंगळीचं टोक बुडवून एकच टिळा लावला, दाण्याएवढा.

"अजून लाव ना," मागून कोणी म्हणालं.

"कोपरे दिसू दे," गणपत म्हणाला.

संध्याकाळी डबा घ्यायला तुळशीराम आपल्या खुंटीपाशी गेला, तर खुंटीवर सुतळीत ओवलेला एक बोल्ट टांगलेला. पंपाचा. तेवढा जुना बोल्ट गणपतनं सोळा वर्षं कुठे जपून ठेवला होता, हे त्यानं विचारलं नाही. डबा काढला, बोल्ट तिथेच राहू दिला. तो पुढे तेरा वर्षं, रिटायर होईपर्यंत तिथेच होता, आणि त्या तेरा वर्षांत रांझीपासून घमापुरापर्यंत तुळशीराम घाटोळेला सगळे गोल बड्डे म्हणत. तो ओ द्यायचा.

घरी राधाबाईनं विचारलं, "माझं नाव घेतलं?"

"नाव नाही घेतलं. लडकी म्हटलं."

"कंजूस," ती म्हणाली, आणि पुरणाला लागली.

दसऱ्याच्या सकाळी लोकांनी एकमेकांना सोनं दिलं आणि हत्यारं उचलली. नवा बोल्ट दुसऱ्या शॉपमधून तयार होऊन आला होता. झाकण परत बसलं, पाच बोल्ट कसून झाले. सहाव्याच्या वेळी तुळशीराम बाजूला झाला आणि गणपतला वर जायला सांगितलं.

गणपत वर चढला. हात खाली केला. "पाना कोणता देता?" तो विचारत होता तुळशीरामला, पण आवाज पार क्रेनपर्यंत गेला. एवढ्या मोठ्यानं गणपत बोलू शकतो, हे शॉपला त्या दिवशी कळलं.

तुळशीरामनं पाना घेतला. नव्या बोल्टासोबत आलेल्या, खाली ठेवलेल्या नमुन्याच्या बोल्टावर तो बसवून पाहिला. काढला. उलटा करून बसवला. अंगठ्यानं हलवून पाहिला, हलला नाही. मग फडक्यानं पुसून वर दिला.

"घ्या, गणपतराव."

गणपतनं पाना घेतला, बोल्टावर टेकवला आणि कसायला लागला. सावकाश, सगळं करायचा तसा. अर्ध्यावर थांबून त्यानं खाली पाहिलं.

"बड्डे," तो म्हणाला, "मोटार किती वाजताची आहे?"